पान कशाला म्हणायचं

सगळं सुरू झालं ते तरवडापासून. ह्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं मोबाइलवर झाड ओळखायचं अ‍ॅप घेतलं होतं. तो कौतुकानं दाखवायला घरी आला. येताना मंगळवेढ्याच्या रस्त्याला तरवडाचा फोटो काढला होता, आणि त्या अ‍ॅपनं त्याला कुठल्या तरी परदेशी शोभेच्या झुडपाचं नाव दिलं होतं. आमच्याकडे माळावर जिकडेतिकडे पिवळा होऊन उभा असतो तो तरवड! विद्यार्थी चहा पिऊन गेला. ह्यांनी मात्र रात्री अर्धीच भाकरी खाल्ली आणि जाहीर केलं, "आपल्या जिल्ह्यातल्या फुलझाडांची वेबसाइट आपण करायची. मराठीत. कुणीही उघडावी आणि समोरचं झाड ओळखावं."

मी म्हटलं, करा. रिटायर झालेला माणूस घरात काहीतरी करत बसलेला बरा असतो, एवढाच माझा विचार. सोलापूरच्याच एका कॉलेजात ह्यांनी जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलं. मी शाळेत मराठी शिकवायचे, तेही संपलेलं. मुलगा आणि सून पुण्याला. सून कॉम्प्युटरमधली. तिनं फोनवरच सांगितलं, "बाबा, तुम्ही मजकूर आणि फोटो द्या, बाकी मी शनिवार-रविवारी करते." मला वाटलं, सहा महिन्यांत आटपेल.

आता ह्या कामात किल्ली म्हणून एक प्रकार असतो. किल्ली म्हणजे एकामागून एक प्रश्न. झाड समोर धरायचं आणि उत्तरं देत जायची. प्रत्येक उत्तराला बरीच झाडं गळतात आणि शेवटी एक उरतं, ते आपलं. ह्यांनी अशी किल्ली रचली. सुनेनं ती वेबसाइटवर चढवली. मग हे लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात आले.

"तू चालवून बघ. मला एक सामान्य माणूस हवाय."

"म्हणजे मी?"

"अगं म्हणजे ज्याला काही येत नाही असं कुणीतरी."

एम.ए. बी.एड. होऊन उभी हयात शिकवण्यात घालवल्यावर हे ऐकून घेतलं. परसातल्या कडुनिंबाची डहाळी तोडून आणली. कडुनिंब मला येत नाही असं कोण म्हणेल? पण किल्लीला ते चालत नाही, प्रश्नांतूनच जायचं. पहिलाच प्रश्न, पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक? मी बघितलं. जवळजवळ समोरासमोरच होती. तसं दाबलं. पुढे पानाच्या कडा, मग आणखी काही, आणि चौथ्या की पाचव्या प्रश्नाला माझ्या कडुनिंबाचा काही वेगळाच वेल झाला.

"चुकलं तुमचं," मी म्हटलं.

ह्यांनी डहाळी हातात घेतली. "हे पान नाहीच. ही पर्णिका. ही सगळी काडी मिळून एक पान."

"ही सगळी? ह्या दहा-बारा पानांचं मिळून एक पान?"

"पानं नाहीत गं ती."

"मग तोरणात लावते ते काय? गुढीपाडव्याला गुळाबरोबर खाते ते काय?"

"पर्णिका."

मी लॅपटॉप मिटला आणि फोडणीकडे वळले. ह्यांनी तो परत उघडला. त्यानंतर आठवडाभर आमच्या घरात पान कशाला म्हणायचं यावर इतकं बोलणं झालं की सुनेनं फोन केला तर मी नुसतं म्हणायचे, "चाललंय." शेवगा आला, चिंच आली, गुलाबसुद्धा आला. मी ज्याला पान म्हणायचे ते पान नसायचं. फुलांचंही तेच. गच्चीवरच्या बोगनवेलीचा रंग गुलाबी लिहिला, तर ते फूलच नाही म्हणे, रंगीत पानं ती. फूल आत आहे, पांढरं, काडेपेटीतल्या काडीएवढं. रस्त्याच्या कडेची एकदांडी आणली तर ते एक फूल नाही, पुष्कळ फुलं दाटीनं बसलेली. सत्तरीला आलेल्या माणसाला पान आणि फूल ओळखता येत नाही, हे मी नवऱ्याच्या तोंडून रोज ऐकत होते.

मी एकदा सरळ विचारलं, "हे सगळं ज्याला माहीत आहे, तो तुमची वेबसाइट कशाला उघडेल?"

"मग शास्त्र सोडून द्यायचं का?"

ह्या प्रश्नावर आमचं प्रत्येक भांडण येऊन थांबायचं. शास्त्र म्हटलं की समोरच्यानं गप्प बसायचं अशी ह्यांची समजूत आहे. वर्गात ती चालून गेली असेल.

मधल्या काळात घराची दशा काय सांगू. टेबलावर कुंड्या, फ्रीजमध्ये कोथिंबिरीशेजारी प्लास्टिकच्या पिशवीत न ओळखलेल्या डहाळ्या, गादीखाली वर्तमानपत्रात दाबलेली रोपं. सराट्याचे काटे माझ्या चपलेत. एकदा मी तांदुळजा समजून फ्रीजमधली जुडी निवडायला घेतली आणि हे आतून ओरडत आले. त्यात नावं बदलायची. बाभळीचं शास्त्रीय नाव ह्यांनी तीस-पस्तीस वर्षं फळ्यावर लिहिलं, ते म्हणे आता राहिलं नाही. जगभरच्या पंडितांनी बसून ठरवलं की ते नाव ऑस्ट्रेलियातल्या झाडांकडे राहील, आपल्या बाभळीनं दुसरं घ्यावं. नवं नाव टाइप करताना हे लग्नात मानपान चुकलेल्या मामासारखे दिसत होते.

सुनेचाही धीर सुटत चालला होता. ती हुशार आहे, माझ्यासारखी भांडत बसत नाही. एका रविवारी ती व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "बाबा, आई आता सामान्य राहिल्या नाहीत. त्यांना अर्धं यायला लागलंय. दुसरं कुणीतरी बसवा. आणि एक करा, तुम्ही शेजारी बसायचं, पण तोंड उघडायचं नाही. माणूस कुठं अडकतो ते नुसतं बघायचं."

दुसरं कुणीतरी म्हणजे शेजारच्या अक्का. पद्मशाली विणकरांचं घर, घरात तेलुगू, बाहेर आमच्यासारखंच मराठी. अक्कांना झाडांची हौस, दारात पाच-सात डबे लावलेले. त्या दुपारी स्वतःची जास्वंद घेऊन आल्या. नीट साडी बदलून आल्या होत्या. मी त्यांना लॅपटॉपसमोर बसवलं आणि ह्यांना पलीकडच्या खुर्चीत. हे तोंडावर बोट ठेवून बसले.

अक्का मोठ्यानं वाचत होत्या. "पाकळ्या किती? चार, पाच, पाचापेक्षा जास्त." त्यांनी फूल फिरवून फिरवून मोजलं. "वीसेक हायत की, टीचर." आणि त्यांनी पाचापेक्षा जास्त दाबलं.

ह्यांच्या खुर्चीचा आवाज झाला. मी डोळे वटारले.

पुढचा प्रश्न आला. अक्कांनी वाचायला सुरुवात केली आणि मधेच थांबल्या. परत वाचलं, मनातल्या मनात. मग पदर तोंडाला लावून माझ्याकडे बघायला लागल्या.

"काय झालं?"

"हे असलं विचारतात का, टीचर? सरांच्या समोर?"

मी वाकून बघितलं. अंडाशय ऊर्ध्वस्थ की अधःस्थ?

"फुलाचं विचारलंय हो, अक्का," मी म्हटलं.

"फुलाला कुटं असतंय ते? मला डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, ऑपरेशनच्या वेळी." आणि त्या इतक्या हसायला लागल्या की डोळ्यांतून पाणी आलं. मलाही आवरेना.

हे उठून उभे राहिले. "ती दुहेरी जास्वंद आहे! बागेतली! दुहेरी फुलाच्या पाकळ्या मोजायच्याच नसतात! आणि अंडाशय हा साधा शब्द आहे, आठवीच्या पुस्तकात आहे!"

अक्कांचं हसू एकदम मावळलं. फूल लॅपटॉपवर तसंच ठेवून त्या म्हणाल्या, "मी काय आठवीपर्यंत गेली नाही, सर." पोह्यांची बशी अर्धी सोडून घरी गेल्या.

त्या संध्याकाळी मी ह्यांच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी हे स्वतः जाऊन अक्कांना काय सांगून आले ते मला कळलं नाही, पण येताना हातात दह्याची वाटी होती, म्हणजे मिटलं असावं. किल्लीत मात्र अंडाशय होतं तिथंच होतं.

मग जेऊर. पेटारी म्हणून एक झुडूप असतं, पिवळ्या फुलाचं, आमच्या पेठेतल्या पडक्या जागांतसुद्धा उगवतं. तिची एक दुर्मीळ भावकी ह्यांनी पूर्वी कधीतरी जेऊर स्टेशनपासून थोडं लांब माळावर पाहिलेली. वेबसाइटवर तिच्या उमललेल्या फुलाचा फोटो हवा होता. फोटो नसला तर काय बिघडतं, असं मी विचारलं नाही, कारण उत्तर ठाऊक होतं. मला बरोबर का नेलं? तर झाडाशेजारी पट्टी धरायला कुणीतरी हवं.

दिवाळी होऊन गेली होती, पण ऊन भाजत होतं. सकाळच्या गाडीनं उतरलो, रिक्षा केली, मग चाललो. ह्यांना आठवत होती ती जागा रस्तारुंदीत गेलेली. तासभर काट्याकुट्यांतून फिरल्यावर एका तालीशेजारी, म्हणजे मातीच्या बांधाशेजारी, एकच झुडूप सापडलं. एकच. त्याला कळ्या होत्या.

"फूल कुठाय?" मी विचारलं.

"ही संध्याकाळकडे उमलते."

"हे तुम्हाला माहीत होतं?"

"अर्थात."

"मग सकाळच्या गाडीनं का आलो?"

ह्यावर ते म्हणाले की झाड शोधायला वेळ लागला असता तर? बरोबरच होतं, त्यामुळे मला जास्त राग आला. आम्ही थोडं लांब बाभळीच्या सावलीला बसलो, भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. ह्यांचा डोळा लागला. माझाही लागला असणार. घंटीच्या आवाजानं जाग आली तेव्हा शेळ्या तालीवर चढल्या होत्या. हे धोतर सुटल्यासारखे धावले, म्हणजे पँटच होती, पण धावले तसे. जाऊन बघतात तर झुडपाचा नुसता खुंट. एक करडी शेळी शांतपणे चघळत होती.

शेळ्यांमागे एक बाई होती, माझ्याच वयाची, डोक्यावर पदर, हातात काठी. तिला काही कळेना.

"काय झालं? काय हारवलं का?"

"तुमच्या शेळीनं झाड खाल्लं," मी म्हटलं.

"खानारच की. कुनाचं व्हतं?"

"कुणाचं नव्हतं. त्याचं फूल उमलायची वाट बघत होतो."

"आन् मग?"

"मग फोटो काढणार होतो."

"आन् मग?"

तिनं खोचून विचारलं नव्हतं. तिला खरंच पुढचं ऐकायचं होतं. हे खुंटाशेजारी जमिनीवर बसले होते. बाईला वाईट वाटलं. ती म्हणाली, "कसं व्हतं त्ये, सांगा तरी. हितं रानात लई हायत झाडं."

आणि हे सांगायला लागले. मी जन्मात ऐकलं नव्हतं तसं. "पान असं, बदामाच्या आकाराचं. बोट फिरवलं की मांजराच्या कानासारखं मऊ लागायचं. फळ गोल, जात्याच्या पाळीसारखं, आणि त्याला कडेनं फाकी, लसणाच्या गड्ड्याला असतात तशा." एकही शास्त्राचा शब्द नाही. बाई लक्ष देऊन ऐकत होती.

"व्हय, व्हय! वड्याच्या कडंला हाय की. चला."

तिच्या मागून आम्ही ओढ्यापर्यंत गेलो, चांगलंच लांब. होती ती पेटारी. साधी. आमच्या घरामागं उगवते ती.

"ही नव्हे," हे म्हणाले.

"ह्येच की. मऊ हाय, फाकीबी हायत."

"हिच्या फाकी मोजा. खूप आहेत. त्या झाडाला निम्म्यासुद्धा नव्हत्या. आणि हिचं पान वरून मऊ आहे, पण त्याच्या देठावर लांब लांब केस होते, उन्हात उभे दिसायचे."

बाईनं फळ हातात घेऊन नखानं फाकी मोजल्या. देठ डोळ्यांजवळ नेला. मग हसली. "मंजे दोन जावांची पोरं. तोंडावळा येक, आई येगळी."

"अगदी तसंच," हे म्हणाले. इतक्या महिन्यांत मी ह्यांच्या तोंडून अगदी तसंच ऐकलं नव्हतं.

"आणि ह्या बाजूच्या झाडाला काय म्हणता तुम्ही?" ह्यांनी उत्साहानं विचारलं.

"तन."

"आणि ह्याला?"

"त्येबी तनच. खुरपून टाकायचं." शेळ्या पुढं गेल्या होत्या. ती त्यांच्या मागं गेली.

परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली हेच नशीब. कुर्डुवाडी मागं पडलं. मग म्हटलं, "हे असं का लिहीत नाही तुम्ही?"

"कसं?"

"मांजराच्या कानासारखं. लसणाच्या गड्ड्यासारखं. त्या बाईला सांगितलंत तसं."

"ते बोलणं झालं. शास्त्रात मांजर कसं घालू?"

"तिला फरक कळला की नाही?"

"मी समोर होतो म्हणून कळला."

"मग सगळ्यांच्या समोर तुम्ही जाणार आहात का?"

समोरच्या बाकावरचा माणूस आमच्याकडे बघायला लागला म्हणून मी थांबले. हे खिडकीतून बाहेर बघत बसले.

माझ्या म्हणण्यानं काही झालं नाही. झालं ते सुनेमुळे. तिनं बघून ठेवलं होतं की ज्यांना ज्यांना चाचणीसाठी वेबसाइट दिली, ते बहुतेक तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला बंद करून निघून जातात. हे म्हणाले, "हल्ली लोकांना घाई असते." ती म्हणाली, "घाई नाही, बाबा. लाज वाटते त्यांना. प्रश्न कळला नाही की माणसाला वाटतं आपण अडाणी. मग तो परत येत नाही."

ह्यांनी लॅपटॉप मिटला. मग अक्कांच्या घराच्या भिंतीकडे बघून म्हणाले, "बरं. वर साधा प्रश्न, खाली बारीक अक्षरात शास्त्राचा."

साधा प्रश्न म्हणजे माझं काम. पुढचा उन्हाळा त्यात गेला. पंख्याखाली दोघं बसायचो आणि एकेका ओळीला तास जायचा. पानाच्या देठाच्या बुडाशी काही झाडांना बारीकसं काही असतं, त्याला शास्त्रात उपपर्ण म्हणतात. मी लिहिलं, देठाच्या बुडाशी कानासारखं काही आहे का? हे म्हणाले, बाभळीला तिथं काटा असतो, काट्याला कान म्हणणार का? मी फाडलं, परत लिहिलं. लव म्हणायचं की केस म्हणायचं, ह्यावर जेवण गार झालं. निळं आणि जांभळं ह्यावर तर अक्कांना बोलवावं लागलं. त्या म्हणाल्या, दोन्ही लिवा, आणि गेल्या. शेवटी कानाची ओळ अशी झाली, देठाच्या बुडाशी दोन्ही बाजूंना जोडीनं काही आलंय का, कानासारखं, तुसासारखं किंवा काट्यासारखं? ह्यांनी ती तीनदा वाचली, चूक शोधली, सापडली नाही. "चालेल," म्हणाले. शाबासकी नाहीच. आणि अंडाशयाचा प्रश्न त्यांनी एका सकाळी आपण होऊन मागच्या टोकाला नेऊन ठेवला.

वेबसाइट सुरू झाली. लोक यायला लागले, फोनही यायला लागले. कशासाठी? किल्ली कुणी चालवतच नव्हतं. धूसर फोटो पाठवायचे, त्यात निम्मा अंगठा, आणि खाली लिहायचे, हे शुगरवर चालतं का? अक्कलकोटहून एक गृहस्थ रोज शंखपुष्पीचं विचारायचे. ह्यांनी त्यांना समजावलं की त्या एका नावानं लोक तीन वेगळी झाडं ओळखतात, आधी तुमचं कुठलं ते बघू. गृहस्थ म्हणाले, "तिन्ही घेतो की, काढा करून." हे फोन ठेवून भिंतीकडे बघत बसले. त्या दिवसापासून फोन माझ्याकडे आला. मी सगळ्यांना एकच सांगते, आम्ही नाव सांगतो, औषध सांगत नाही. लोक रागावतात. नुसत्या नावाचं काय करायचं, असं विचारतात. कधीकधी मलाही तो प्रश्न पडतो, पण घरात बोलायची सोय नाही.

परवा मात्र वेगळाच फोन आला. लातूरकडच्या कुठल्याशा कॉलेजातली मुलगी, एम.एस्सी. करणारी. अदबीनं म्हणाली, "सरांशी बोलायचंय. किल्लीतला चिकणा नावाच्या झुडपांच्या गटातला एक प्रश्न चुकलाय असं मला वाटतं." मी फोन ह्यांना दिला आणि कान टवकारून बसले. आता हिला धडा मिळणार. आधी ह्यांचा आवाज चढला. मग खाली आला. मग कपाटातून दाबलेली रोपं काढली, भिंग काढलं, फोन खांद्याला लावून खिडकीशी गेले. "थांब, थांब, मी बघतो... दातेरी... हो गं... अरेच्चा." पाऊण तास. बाहेर आले ते तोंडभर हसत. एवढे खूश मला ते रिटायर झाल्यापासून दिसले नव्हते.

"चूक आहे माझी," म्हणाले. "साफ चूक. तिनं शेवटपर्यंत किल्ली चालवली. तीन वेगवेगळ्या रोपांवर चालवली!"

"कुठला प्रश्न?"

ह्यांनी लॅपटॉपवर दाखवला. मी बघितलं आणि मला हसावं की रडावं कळेना. "ह्याच प्रश्नावर मी गेल्या उन्हाळ्यात अडले होते. दोन दिवस. तुम्ही म्हणालात, नीट बघ."

"तू कारण कुठं सांगितलंस? तू नुसतं म्हणालीस, कळत नाही."

"कळत नाही, हेच कारण होतं."

त्यांनी ऐकलं की नाही कुणास ठाऊक. सुनेला फोन लावून ते त्या मुलीचं कौतुक सांगत होते, आणि सून पलीकडून म्हणत होती, "बाबा, आईंना द्या ना जरा."